खसखशीएवढं

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता माझ्या मनगटावरचा खसखशीचा दाणा चालायला लागला.

त्याआधी मी तो दोनदा झटकला होता. बेकरीत माझ्या हातांवर, बाह्यांवर, भुवयांतसुद्धा काळी खसखस असतेच. एकवीस वर्षं मी झिग्मुंटच्या बेकरीत खसखशीचे रोल वळते आहे. माझी उशी झाडली तरी चार दाणे पडतील. दाणा झटकला की पडतो, नाहीतर ओल्या बोटाला चिकटून येतो. हा पडला नाही, चिकटलाही नाही. मनगटाच्या आतल्या बाजूनं, निळी शीर दिसते तिथून, तो कोपराकडे निघाला. घाई नव्हती त्याला, चर्चमध्ये मिस्साला लवकर आलेल्या माणसासारखा बसायला जागा शोधत चालला होता. मी ओरडले नाही. मला ओरडता येत नाही. माझा आवाज एवढा बारीक की चर्चमध्ये वाचनाला मला कधी उभं करत नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता. हळू बोलणाऱ्या बाईचं देव वाकून ऐकतो, असं माझी आई म्हणायची. शेजारी बोझेना भट्टीतले पत्रे पुसत होती. तिला मी नुसतं म्हटलं, हे काय आहे बघ.

"गोचीड," ती म्हणाली. "हलू नका, गेनियाबाई."

मला हसूच आलं. गोचीड काय मला माहीत नाही? आमच्या पोलंडमधल्या गावी गाईंच्या कानात लोंबायच्या त्या, भिजवलेल्या वाटाण्याएवढ्या, राखी, तट्ट फुगलेल्या. बाप त्यांच्यावर दिव्याचं तेल सोडायचा आणि आम्ही पोरं त्या दगडानं फोडायचो. मी बोझेनाला तसं सांगितलं. ती भुवया कोरायचा चिमटा घेऊन आली आणि म्हणाली की ती पोट भरलेली म्हातारी असते, ही पोरगी आहे, जूनमध्ये ह्या पोरीच निघतात. काल संध्याकाळी मी नवऱ्याच्या कबरीभोवतीचं गवत उपटायला गेले होते, तिथूनच आली असणार. बोझेनाचा नवरा रिशेक नगरपालिकेच्या रस्त्यांकडेची झुडपं तोडायच्या कामावर आहे. रोज संध्याकाळी ती त्याला न्हाणीघरात दिव्याखाली उघडा उभा करते आणि टाचेपासून टाळूपर्यंत तपासते. लग्नाच्या रात्री एवढं बघितलं नव्हतं मी त्याला, ती म्हणाली, आणि खिदळली. चिमट्यातलं ते तिनं पांढऱ्या पेल्यात टाकलं. आठ पाय होते. मी चष्मा लावून मोजले.

मग ती बोलत राहिली, तिला सगळं माहीत होतं, रिशेकच्या खात्यानं कामगारांना बसवून शिकवलं होतं. पाचोळ्यात एक मादी हजार-दोन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यातून निघतं ते सहा पायांचं, धुळीच्या कणाएवढं, आणि अगदी निर्दोष. त्याच्यात काही नसतं. ते पहिल्यांदा चावतं बहुतेक पांढऱ्या पायांच्या रानउंदराला, आणि खोट असते ती उंदराच्या रक्तात. उंदराला स्वतःला काही होत नाही, तो मजेत असतो. एक जेवण झालं की ते गळून पडतं, कात टाकतं, आख्खा हिवाळा पाचोळ्याखाली काढतं. पुढच्या वर्षी उन्हं तापायला लागली की आठ पायांचं होऊन, खसखशीएवढं होऊन गवताच्या पात्यावर चढतं, मागच्या पायांनी पातं धरतं आणि पुढचे पाय हवेत पसरून थांबतं. ते उडी मारत नाही, पाठीस लागत नाही. कुणीतरी घासून जाईल म्हणून नुसतं थांबतं. दुसरं जेवण. मग शरद ऋतूत मोठं होऊन हरणावर तिसरं, मग अंडी, मग मरण. दोन वर्षं, तीन जेवणं. बोझेना हे कौतुकानं सांगत होती. मी बुधवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत पाण्यावर असते, चाळीस वर्षांचा नेम आहे, आणि त्याचं मला मनातल्या मनात केवढं अप्रूप. पाचोळ्यात वर्षभर उपाशी बसून वाट बघणाऱ्या ह्या जिवापुढं माझे उपास म्हणजे पोरखेळ. ह्याला कुणी नेम शिकवला? कुणासाठी?

"आणि ती लगेच काही करत नाही," बोझेना म्हणाली. "दीड दिवस तरी तोंड खुपसून बसावी लागते, तेव्हा कुठं विष उतरतं. आधी उपटली की सुटलात."

मी हातातली कणीक खाली ठेवली. कानामागे, असं मी म्हणाले. पण ते बोझेनाला ऐकू गेलं नसावं, कारण ती बोलत बोलत पेला विसळायला वळली. उजव्या कानामागे, केस सुरू होतात तिथं. तीन वर्षांपूर्वीचा ख्रिस्तदेहाचा सण, रविवार सकाळ, साडेदहा. चर्चच्या पायरीवर मी माझ्या नातीची, किंगाची, वेणी घालत होते. ती दहा वर्षांची होती. पांढरा झगा, डोक्यावर गवतफुलांचं कडं, गळ्यात रिबिनीनं अडकवलेली पाकळ्यांची टोपली. मिरवणूक निघते तेव्हा साक्रामेंताच्या, म्हणजे पवित्र भाकरीच्या, पुढं मुली उलट्या पावलांनी चालत रस्त्यावर पाकळ्या उधळतात, आणि त्या वर्षी पहिल्या ओळीत किंगा होती. मी पहाटे तीनपासून सणाच्या न्याहारीचे रोल वळून तशीच आले होते, मध्यरात्रीपासून तोंडात पाणी नव्हतं, जुना नेम. वेणी वर उचलली आणि तिथं तो दाणा होता. एकच, काळा. मी झटकला, पडला नाही. साखरेच्या पाकानं चिकटला असेल, मला वाटलं, माझ्याच हातचा. मी हसले. आमच्याकडे खसखस म्हणजे बरकत. लेकराच्या कानामागे देवानं बरकतीचा दाणा ठेवला आहे असं मला वाटलं, अगदी ह्याच शब्दांत वाटलं, आणि घंटा झाली आणि मी त्यावर वेणी सोडली.

त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता, आम्ही नेचे आणि रानफुलं तोडायला गेलो होतो. मीच नेलं होतं. दर वर्षी सणाच्या आदल्या दिवशी मी मुलींना घेऊन गावाबाहेरच्या दगडी बांधांकडे जाते. पूर्वी तिथं शेतं होती, आता सगळं रान माजलं आहे, बांध तेवढे राहिलेत, आणि बांधांच्या सावलीत नेचे कमरेएवढे वाढतात. इवोना, माझी मुलगी, म्हणाली होती की फुलवाल्याकडून चार पेट्या पाकळ्या आणू, कशाला पोरींना काट्यांत नेतेस. मी म्हटलं, विकतची फुलं लग्नाला चालतात, देवाला हातानं तोडलेली लागतात. शनिवारी चार ते रविवारी साडेदहा. मी बेकरीच्या मागल्या खोलीत बोटांवर मोजलं, मग जपमाळेच्या मण्यांवर मोजलं, म्हणजे चूक व्हायला नको. साडेअठरा तास. ते तिच्या कातड्यात तोंड खुपसून बसलं होतं आणि अजून काही झालं नव्हतं. अजून काहीच झालं नव्हतं. एक चिमटा. एक नखसुद्धा पुरलं असतं.

मी एप्रन काढला नाही, झिग्मुंटला विचारलं नाही, मागच्या दारानं निघाले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. बेकरी नदीकाठी आणि आमचं घर टेकडीवर. आम्ही पोलंडहून येऊन राहिलो ते हे नॉरविच, इथं सगळं टेकडीवर असतं, चर्च, घर, डॉक्टर, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी हे गाव म्हणजे रोजची शिक्षा. त्या वर्षी जुलैत किंगाला ताप आला होता, चार दिवस. उन्हाळ्यातली सर्दी, सगळे म्हणाले. कानामागे, केसांत काही लाल उठलं होतं की नव्हतं कुणास ठाऊक. वेणी मी घालत होते आणि तिला ती नेहमी खाली, मानेवर, सैल बांधलेली आवडायची. ऑक्टोबरात उजवा गुडघा सुजला. मग उतरला. मग दोन्ही सुजले. संत्र्याएवढे, मग त्याहून मोठे. डॉक्टर हॅलोवेल आधी म्हणाले वाढत्या वयाच्या कळा, मग म्हणाले लहान मुलांचा संधिवात, रोज ॲस्पिरिन. शाळेतली व्यायामाची बाई म्हणाली, दुखणं नेमकं धावायच्या दिवशीच येतं. मुलगी आळशी नाही हो, मी त्या बाईला म्हटलं, पण मी ते इतकं हळू म्हटलं की तिनं फक्त मान हलवली. वीसेक मैलांवर लाइम नावाचं गाव आहे, तिथल्या कितीतरी पोरांचे गुडघे असेच सुजले होते, गोचिडीपासून होतं म्हणे, हे इवोनानं तिच्या लाँड्रीत ऐकलं आणि ती डॉक्टरांना विचारायला गेली. मीही होते बरोबर. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे वळले, कारण पोरीचं न्हाणं-माखणं माझ्याकडे होतं. गोचीड बघितली का अंगावर? त्यांनी अंगठा आणि तर्जनी जोडून माप दाखवलं. वाटाण्याएवढं. नाही डॉक्टर, मी म्हटलं. मी रोज तिची वेणी घालते, असती तर मला दिसली असती. मी खोटं बोलले नव्हते. चाळीस वर्षांच्या नेमात मी जाणूनबुजून खोटं बोललेले नाही. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि ते दार बंद झालं.

चढावर मला दम लागला म्हणून मी कुणाच्यातरी कुंपणाला टेकले. मला राग आला होता. हा शब्द मी स्वतःविषयी वापरत नाही. पापनिवेदनाला जाते तेव्हा मी म्हणते, फादर, मी अस्वस्थ झाले, मी कठोर विचार केला. पण हे तसलं काही नव्हतं. पोटात भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं होतं आणि ते बंद करायचा दांडा सापडत नव्हता. डॉक्टरांचा राग आला, त्यांच्या त्या दोन बोटांचा. व्यायामाच्या बाईचा आला. फादरांचा आला. ते म्हणाले होते, गेनियाबाई, लेकराचं दुःख ही देणगी आहे, ते देवाला वाहायला शिकवा तिला. मी शिकवलं. तीन वर्षं शिकवलं. हिवाळ्यात एकदा तिला पायरी उतरता येईना, ती कठड्याला धरून रडत होती आणि मी खालून तिला सांगत होते, देवाला वाहा, बाळ, त्यानं केवढं सोसलं. काय वाहायला लावलं मी तिला? पाचोळ्यातल्या एका किड्याचं उष्टं. आणि ज्याला वाहायचं त्यानंच तो किडा केला, त्याला आठ पाय दिले, पात्यावर चढून हात पसरायला शिकवलं. हो, अगदी तसेच हात पसरून, आपण प्रार्थनेला उभे राहतो तसे. हे मनात आलं तेव्हा मी क्रूसाची खूण करायला हात उचलला आणि तो तसाच खाली आणला. मला क्षमा मागायची नव्हती. अजून नव्हती. गुरुवारी सकाळी हार्टफर्डच्या इस्पितळात किंगाचा उजवा गुडघा उघडून आतलं अस्तर खरवडून काढणार होते. नंतर तो गुडघा पुरता वाकेल याची खात्री नाही, असं सही घेताना सांगितलं होतं. आज मंगळवार. बोझेनाच्या दिराच्या पोराचे गुडघे असेच गोचिडीपासून सुजले होते, त्याला शिरेतून औषध देऊन बरं केलं होतं, सुरी न लावता. ती मघाशी पेला विसळता विसळता तेही सांगत होती. तेव्हा मला फक्त जाऊन एक वाक्य बोलायचं होतं. आणि त्या वाक्याची मला एवढी भीती वाटत होती की क्षणभर, कुंपणाला टेकलेली असताना, मला वाटलं, खसखसच असेल. कोण सांगणार? मला एकटीलाच तर माहीत आहे. आजवर मी ज्या ज्या गोष्टी पापनिवेदनात सांगितल्या त्या सगळ्या ह्या एका विचारापुढं लेकराचे खेळ होते.

किंगा ओसरीवर बसली होती, पाय दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर पुस्तक. तेरा वर्षांची, आणि म्हाताऱ्या बाईसारखी उशी पाठीशी घेऊन. ऑपरेशनसाठी शाळेतून सुट्टी काढली होती. आजीला ती बाब्चा म्हणते.

"बाब्चा, बेकरी जळाली का?" ती म्हणाली. "की देवानं तुला दुपारची सुट्टी दिली?"

मी तिच्या पायाशी पायरीवर बसले, एप्रन तसाच, आणि सांगितलं. मनगटापासून सुरुवात करून सगळं सांगितलं, चर्चच्या पायरीपर्यंत. ह्या पोरीची जीभ तिखट, वर्गात मास्तरांनाही ऐकवते, पण आज तिनं मला शेवटपर्यंत सांगू दिलं. तिचा हात आपोआप कानामागे गेला होता.

"म्हणजे तू बघितलंस."

"बघितलं."

"झटकलंस?"

"झटकलं. एकदा."

"एकदाच," ती म्हणाली. मग रस्त्याकडे बघत, "आणि मग तीन वर्षं मला सांगत बसलीस, देवाला वाहा."

मी तिच्या सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवायला गेले. तिनं पुस्तक मध्ये धरलं. मारलं नाही, ढकललं नाही, नुसतं पुस्तक मध्ये धरलं. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, ते नंतर, आधी आईला फोन कर. आत्ता. तिच्या आवाजात रडं नव्हतं. मला तिचं रडणं सोसलं असतं.

इवोना नदीपलीकडच्या लाँड्रीत इस्पितळांच्या चादरी धुते. नवरा फ्लोरिडाला गेला तो गेलाच, तेव्हापासून ती दोन पाळ्या करते. तिला फोनवर बोलवायला पाच मिनिटं लागली आणि ती आली तेव्हा मागं यंत्रं एवढी धडधडत होती की मलाच माझा आवाज ऐकू येईना. मी सांगितलं. काय, ती म्हणाली. मी पुन्हा सांगितलं. आई, मोठ्यानं बोल, काही ऐकू येत नाही, किंगाला काय झालं? ती घाबरली होती. मी दार लावून घेतलं नव्हतं. ओसरीवर किंगा, समोर रस्ता, वरच्या मजल्यावर भाडेकरू. माझ्या आयुष्यात मी कुणाला आगगाडीच्या खिडकीतूनसुद्धा हाक मारलेली नाही.

"मी बघितली होती," मी ओरडले. "गोचीड. किंगाच्या कानामागे. मी बघितली होती आणि राहू दिली."

यंत्रं धडधडत राहिली. मग इवोना म्हणाली, मी येते. तेवढंच. फोन ठेवला तेव्हा माझ्या घशाला चरे पडल्यासारखं झालं होतं, आणि मला लाज वाटली नाही. आधी कधीतरी ओरडायला शिकले असते तर त्या व्यायामाच्या बाईला ऐकू गेलं असतं, हे तेवढं मनात आलं.

डॉक्टरांकडे आम्ही चार वाजता पोचलो. वाटेत इवोना गिअर बदलताना दांडा असा ओढत होती की तो उपटून हातात येईल. डॉक्टर हॅलोवेल पांढऱ्या केसांचे, मऊ बोलणारे गृहस्थ आहेत. मला ते नेहमी आवडायचे, कारण तेही हळू बोलतात. त्यांनी जाड फाइल उघडली, मागं गेले आणि वाचून दाखवलं: आजी खात्रीनं सांगतात, गोचीड नव्हती. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, अगदी सौम्यपणे म्हणाले की माणसाची आठवण विचित्र असते, आज सकाळी एक पाहिली म्हणून तीन वर्षांपूर्वीचीही दिसायला लागते. शिवाय तुम्ही बेकरीत. ती खसखसही असू शकेल.

"डॉक्टर," मी म्हटलं, "तुमच्या हातात जन्मात किती खसखस आली असेल? माझ्या हातात रोज पाच शेर येते. खसखस झटकली की पडते. ती पडली नाही. तुम्ही मला तेव्हा बोटांनी एवढं दाखवलं होतंत." मी अंगठा आणि तर्जनी जोडून त्यांच्यासमोर धरली. "एवढी मी नाही म्हटलं. एवढी नव्हतीच. तुम्ही चुकीची वस्तू विचारलीत आणि मी बरोबर उत्तर दिलं. आता तिथं ते खोडा."

ते म्हणाले, फाइलमधलं खोडता येत नाही, गेनियाबाई, खाली नवीन लिहिता येतं. मग लिहा, मी म्हटलं, आणि लिहिलेलं मला वाचून दाखवा, आणि तोवर मी ह्या खुर्चीवरून उठणार नाही. बाहेर माणसं थांबली होती, दार उघडं होतं. मला वाटतं माझा आवाज त्यांच्यापर्यंत गेला. डॉक्टरांनी स्वतःच्या दोन बोटांकडे बघितलं, ती जोडली, मग जरा उघडली, मग पुन्हा जोडली. वाईट माणूस नव्हता तो. मला तेव्हा तो वाईट असायला हवा होता, म्हणजे सोपं गेलं असतं. त्यांनी पेन उचललं. तीन ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या. मग हार्टफर्डला फोन लावून गुरुवार पुढं ढकलला, आणि किंगाच्या दंडाला रबरी नळी बांधून रक्त काढलं. तिनं सुईकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडे बघत होती.

रक्ताचं उत्तर पुढच्या सोमवारी आलं. डॉक्टरांनी स्वतः फोन केला, आणि इवोनानं तो ऐकला, आणि फोन ठेवून ती स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहिली. मी विचारलं नाही. तिच्या पाठीवरून कळत होतं, गोचिडीचंच निघालं होतं. गावातल्याच इस्पितळात तीन आठवडे, शिरेतून औषध, रोज. गुडघा परत पहिल्यासारखा होईल का, ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. तीन वर्षं झालीत, काही हाडांपर्यंत गेलं असेल तर ते येणार नाही. हे डॉक्टरांनी सरळ सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. पहिल्या दिवशी किंगाला खाटेवर निजवलं, नळी लावली, आणि मी नेहमीसारखी तिची उशी नीट करायला पुढं झाले.

"बाब्चा, नको," ती म्हणाली. "आता मला तुझ्यावर रागवायचंय. नीट. मध्ये मध्ये येऊन ते बिघडवू नकोस."

इवोना तिच्यावर डाफरली, की आजीशी असं बोलतात का. मी इवोनाला गप्प केलं. मी किंगाला विचारलं, किती दिवस? तिनं खरंच विचार केला. छताकडे बघून, ओठ मुडपून, हिशेबी माणसासारखा.

"नऊ," ती म्हणाली. "तुमच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेसारखे. नऊ दिवस तू खोलीत यायचं नाही. आणि त्या दिवसांत तुझ्या देवाला सांगून माझा राग कमी करून घ्यायचा नाही. मला कळेल."

मी म्हटलं बरं. तेव्हापासून मी बाहेर व्हरांड्यात बसते. सहाची मिस्सा करून येते, बेकरीत दुपारपर्यंतच जाते. व्हरांड्यात प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत, त्यांना पाठ नाही म्हटलं तरी चालेल. लोक जातात, येतात, कुणी विचारतं, आजी कुणाची वाट बघताय. हातात जपमाळ असते आणि मणी पुढं सरकतात, पण मी काही मागत नाही. मागायची सवय एवढी जुनी की ती आतून ढुशा देते: तिचा राग उतरव, तिला मला हाक मारू दे. मी ते दाबून धरते. माझाही राग गेलेला नाही. पहाटे उठते तेव्हा तो माझ्याआधी उठलेला असतो, चूल पेटवून बसल्यासारखा. फादर काल येऊन गेले, म्हणाले, गेनियाबाई, क्षमेसाठी प्रार्थना करू या दोघं. मी म्हटलं, फादर, सहा दिवस थांबा, तिचे पुरे होऊ द्यात. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं नाही.

आज चौथा दिवस. दुपारी नर्स औषधाची बाटली बदलून बाहेर आली, जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई आहे, आणि माझ्यापाशी थांबली.

"तुमची नात विचारत होती, तुम्ही बाहेर आहात का म्हणून," ती म्हणाली. "मी म्हटलं, आहेत ना, बोलावू का? तर म्हणाली, बोलावू नका. बसू द्या."

मी बसून राहिले.